मोबाइल चोरीला गेला की 'गहाळ' झाला? आणि खरं लिहिणाऱ्या पोलिसाचं पुढे काय होतं

खारफुटी

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या आठवडी बाजारात बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून फोन गेला. गेला म्हणजे मारला. बाबा मेथीची जुडी निवडत होते. मागून एकाने धक्का दिला, पुढच्याने "काका, सांभाळून" म्हणत दंड धरला, आणि खिसा रिकामा. ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने सगळं ऐकून घेतलं, बाबांना बसायला खुर्ची दिली आणि एक छापील कागद पुढे सरकवला. मथळा आधीच छापलेला : 'मोबाइल गहाळ झालेबाबत'.

मी म्हटलं, अहो, चोरी झालीय. तर म्हणाले, "कशाला चोरी लिहिता? गहाळवरही फोन ब्लॉक होतो, सिमही नवीन मिळतं. चोरी लिहिली की ती माझ्या अंगावर. दर महिन्याला सांगत बसा साहेबांना, का उघडकीस आली नाही ते." बाबा म्हणाले, जाऊ दे. सही केली, घरी आलो.

माणूस वाईट नव्हता हे मुद्दाम लिहितोय. त्याच्या बोलण्यावरून मला ब्रुकलिनमधल्या एका शिपायाची गोष्ट आठवली, म्हणून हा धागा.

एड्रियन स्कूलक्राफ्ट. न्यूयॉर्क पोलीस, ब्रुकलिनमधलं ८१ नंबरचं ठाणं, बेडफर्ड-स्टायव्हसंट भाग. न्यूयॉर्कमध्ये १९९४ पासून 'कॉम्पस्टॅट' नावाची पद्धत आहे. प्रत्येक ठाण्याचे गुन्ह्यांचे आकडे वरच्या साहेबांपुढे मांडायचे आणि ठाणेप्रमुखाने उभं राहून जाब द्यायचा. कल्पना चांगलीच होती. पण आकडा खाली आणायचे मार्ग दोन : गुन्हे कमी करा, नाहीतर गुन्ह्यांची नोंद कमी करा. दुसरा सोपा. एकाला मारहाण करून पाकीट आणि फोन हिसकावला, तर कागदावर काय? 'मालमत्ता हरवली'. वाचून हसूच आलं मला. आमचा छापील कागद थेट तिकडेही पोचलाय!

दुसऱ्या बाजूने उलटा दट्ट्या. रस्त्यावरच्या लोकांना इतक्या पावत्या फाडा, इतक्यांना अडवून झडत्या घ्या. हा माणूस रोजच्या हजेरीला खिशात रेकॉर्डर ठेवून उभा राहू लागला. २००८-०९ मध्ये महिनोन् महिने. आकडे भरत नाहीत म्हणून त्याचा वार्षिक शेरा घसरला, बंदूक काढून घेतली, टेबलावर बसवलं. ऑक्टोबर २००९ मध्ये तो खात्याच्याच तपासणी पथकापुढे बसला आणि कुठले गुन्हे कसे फिरवले ते सांगून आला.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ठाण्यात त्याची नोंदवही वरिष्ठाने मागून घेतली. त्याला काय ते कळलं. पोटात दुखतंय म्हणून तो ड्युटी संपायच्या तासभर आधी घरी गेला. एक तास. रात्री घरमालकाकडून किल्ली घेऊन पोलीस घरात शिरले, सोबत डेप्युटी चीफ दर्जाचा अधिकारी. चल परत. येत नाही. मग हा मानसिकदृष्ट्या बिघडलाय असं ठरवून बेड्या घातल्या आणि जमैका हॉस्पिटलच्या मनोरुग्ण विभागात नेऊन टाकला. सहा दिवस. वर हॉस्पिटलने त्यालाच सात हजार डॉलरच्या वरचं बिल पाठवलं.

त्याच्या अंगावरचा रेकॉर्डर त्यांनी काढून घेतला. घरात दुसरा चालू होता, तो त्यांना दिसलाच नाही. त्यामुळे आज आपल्याला त्या रात्रीचं सगळं संभाषण ठाऊक आहे. २०१० मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'ने टेपा छापल्या. खात्याचा अंतर्गत अहवाल जून २०१० मध्येच तयार होता : हा म्हणतो ते खरं, त्या ठाण्यात गुन्हे दाबले जात होते. पण लोकांपुढे आला तो २०१२ मध्ये, तोही फुटला म्हणून. तोवर हा बिनपगारी निलंबित. २०१५ मध्ये शहराने सहा लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

त्याच्यावरचा मूळ ठपका काय होता माहितीये? तासभर आधी ड्युटी सोडली. आणि तो खराच होता, सोडलीच होती त्याने! मी अडकलोय तो इथेच. खात्यात खरं बोलणाऱ्याला खोट्या आरोपात गुंतवायची गरजच पडत नाही, त्याचीच एखादी बारीक खरी चूक पुरते. आपल्याकडे काय चित्र आहे? पोलिसांच्या घरातलं कुणी असेल तर लिहा.

बोरकूट

बाबांचा फोन मिळाला का? ते राहिलंच की.

खारफुटी

नाही हो.

जमादाराचा_मुलगा

लिहू की नको, दोन दिवस विचार केला. वडील सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, आता नाहीत. मराठवाड्यातलं एक तालुक्याचं ठाणं, साल १९९७. नाव लिहीत नाही.

संशयित म्हणून एका पोराला रात्री आणलं होतं. वडील ठाणे अंमलदार. त्यांनी स्टेशन डायरीला आणल्याची खरी वेळ लिहिली, रात्री ११.२०. कागदोपत्री अटक दाखवायची होती दुसऱ्या दिवशी संध्याकाळची, म्हणजे कोर्टापुढे न्यायचे चोवीस तास तिथून मोजता येतील. साहेब म्हणाले, पान बदल. वडील म्हणाले, साहेब, पानांना नंबर आहेत. बस्, एवढंच बोलणं. आवाजही चढला नाही कुणाचा.

पुढच्या पाच महिन्यांत त्यांना नऊ मेमो मिळाले. ते सगळे माझ्याकडे आहेत, युरियाच्या पिशवीत बांधून ट्रंकेत ठेवले होते त्यांनी. कार्बनची निळी प्रत, खाली जांभळा शिक्का. एकात 'हजेरीस ७ मिनिटे उशिरा'. एकात 'गेटवर टोपी परिधान न करता मिळून आले'. एकात बंदोबस्ताच्या ठिकाणी 'खाली बसलेले आढळले'. गणपती विसर्जन होतं ते, अठरा तास उभं राहिल्यावर माणूस कट्ट्यावर टेकला. प्रत्येक मेमोच्या शेवटी तेच वाक्य : 'आपले सदरचे वर्तन हे बेशिस्त, बेजबाबदार व निष्काळजीपणाचे असून पोलीस खात्याच्या शिस्तीस बाधा आणणारे आहे.' लहानपणी मला ते पाठ होतं. आईशी भांडण झालं की वडील स्वतःच म्हणायचे, "माझे सदरचे वर्तन..."

खारफुटी, तुमचं बरोबर आहे. नऊपैकी एकही मेमो खोटा नव्हता. ते खरंच सात मिनिटं उशिरा गेले होते. त्या दिवशी बाकीचे वीस-वीस मिनिटं उशिरा आले होते, एवढंच.

नवांचा मिळून एक कसुरी अहवाल, मग विभागीय चौकशी. एक वर्षाची वेतनवाढ रोखली. डायरीच्या पानाचा उल्लेख त्या अख्ख्या फायलीत कुठेच नाही.

तिखटमीठ

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. आपल्याकडे साहेब लोकांना वाचा कधी फुटते? बदली झाली की. परमबीर सिंग मुंबईचे पोलीस आयुक्त होते तोवर सगळं आलबेल. १७ मार्च २०२१ ला उचलून होमगार्डला टाकले, आणि २० मार्चला मुख्यमंत्र्यांना पत्र : गृहमंत्री अनिल देशमुख महिन्याला शंभर कोटी वसूल करायला सांगत होते! मग इतके दिवस काय करत होतात? उच्च न्यायालयानेही ३१ मार्चच्या सुनावणीत नेमकं हेच विचारलं, तुम्ही पोलीस आयुक्त, तुमच्या कानावर गुन्हा आला तर एफआयआर का नोंदवला नाही? पुढे ह्याच आरोपांच्या चौकशीसाठी नेमलेल्या चांदीवाल आयोगापुढे तर यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की आपल्याकडे आणखी काही पुरावा नाही.

ह्यांना जागल्या (व्हिसलब्लोअर) म्हणायचं का? जागल्या रात्री ओरडतो. नोकरी गेल्यावर सकाळी नाही.

साधा_वाचक

तिखटमीठ, 'जागल्या सकाळी ओरडत नाही' आवडलं, पण त्यातली खोच बघा. पत्रानंतर काय झालं? ५ एप्रिलला उच्च न्यायालयाने सीबीआयची प्राथमिक चौकशी लावली (तीही ह्यांच्या नव्हे, एका वकील बाईंच्या याचिकेवर), त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. देशमुखांनी आरोप कायम नाकारले, ते वेगळं. इकडे परमबीर सिंगांवर खंडणीचे गुन्हे, डिसेंबर २०२१ मध्ये निलंबन. सरकार बदललं आणि मे २०२३ मध्ये तेच निलंबन मागे, विभागीय कारवाईही बंद.

आता सांगा, निलंबन बरोबर होतं की मागे घेणं बरोबर होतं? कागद तेच, माणूस तोच. खुर्चीवर बसलेला पक्ष बदलला. म्हणजे ते पत्र खरं की खोटं हे बाजूलाच राहिलं, शिस्त हा सोयीप्रमाणे घालायचा-काढायचा सदरा झाला.

आणि हेतू वाईट म्हणून माहिती खोटी ठरत नाही. रागावलेला माणूसच बहुतेकदा बोलतो. सुखी माणसाला काय पडलंय?

तिखटमीठ

माहिती तपासा की, नको कोण म्हणतंय? हारतुरे नकोत, एवढंच माझं म्हणणं. जमादारसाहेबांना कुणी हार घातला नाही.

कोर्टाची_पायरी

थोडं कायद्याचं. मी पोलिसांची सेवाविषयक प्रकरणं चालवतो, त्यामुळे ह्या मेमोंचा वास ओळखीचा आहे.

महाराष्ट्रात शिपाई ते निरीक्षक यांच्या शिक्षेचा पाया म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम २५ आणि मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम १९५६. सक्त ताकीद, दंड, वेतनवाढ रोखणे, पदावनती, सक्तीची निवृत्ती, बडतर्फी अशी चढती भाजणी. बडतर्फीला राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाप्रमाणे चौकशी हवी. पण त्यातच ३११(२)(ब) ही खिडकी आहे, चौकशी करणं व्यवहार्य नाही असं लेखी कारण दिलं की झालं.

पण खरी गंमत लहान शिक्षांमध्ये आहे. मोठी शिक्षा दिली की माणूस मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातो आणि बऱ्याचदा जिंकतो. ताकीद आणि एका वर्षाच्या वेतनवाढीसाठी कोण जातं? मुंबई, नागपूर, औरंगाबाद अशी मॅटची तीन ठिकाणं. वकील, तारखा, आणि प्रत्येक तारखेला रजा मागायची ती त्याच साहेबाकडे. म्हणून जाणकार अधिकारी मोठी शिक्षा देतच नाही. सेवापुस्तकात बारीक बारीक काटे पेरतो, बढतीच्या वेळी ते आपोआप टोचतात.

आता बोलायची सोय. पोलीस दले (अधिकारांवर निर्बंध) अधिनियम १९६६ : परवानगीशिवाय संघटना नाही, वर्तमानपत्राशी बोलणं नाही. मोडलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद. मुंबईत १९८२ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी संप केला तेव्हा लष्कर बोलवावं लागलं होतं, संघटनेची मान्यता गेली ती गेलीच. त्यामुळे इथला शिपाई उभा राहतो तो एकटाच.

जागल्यांच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा आहे. संसदेत मंजूर, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही. अंमलात आणायची अधिसूचना मात्र निघालेली नाही. पाळण्यात घातलेलं, बारसं न झालेलं मूल.

खारफुटींच्या बाबांसाठी : ललिता कुमारी निकाल, सर्वोच्च न्यायालयाचं घटनापीठ, नोव्हेंबर २०१३. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक. पाच हजार रुपये वा त्याहून जास्त किमतीची चोरी दखलपात्र आहे. 'गहाळ'वर सही केली म्हणून चोरीची फिर्याद द्यायचा हक्क जात नाही.

मुक्काम_डब्लिन

धागा उशिरा पाहिला. इथे आयर्लंडमध्ये अकरा वर्षं आहे. मॉरिस मॅककेबचं नाव इथल्या टॅक्सीवाल्यालाही माहीत आहे.

कॅव्हन परगण्यातल्या बेलिबरो गावचा सार्जंट. २००८ च्या सुमारास त्याने आपल्याच ठाण्यातले ढिसाळ तपास वर कळवले. त्यातलं एक : २००७ मध्ये एका महिला टॅक्सीचालकावर हल्ला झाला, प्रकरण किरकोळ म्हणून हाताळलं गेलं, हल्लेखोर जामिनावर मोकळा राहिला आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याने लिमरिकमध्ये एका बाईचा खून केला. खारफुटी, 'गहाळ' लिहिलेला कागद कधीकधी असा फिरून येतो.

मग २०१२ मध्ये दुसरं प्रकरण. इथे वेगात गाडी चालवली की लायसनवर 'पेनल्टी पॉइंट' चढतात, बारा झाले की लायसन जातं. वरिष्ठ अधिकारी ते संगणकावरून पुसून टाकत होते. मॅककेब आणि जॉन विल्सन नावाच्या दुसऱ्या शिपायाने ते बाहेर काढलं. विल्सनच्या दाराला मेलेला उंदीर बांधून ठेवला कुणीतरी. इंग्रजीत चुगलखोराला उंदीरच म्हणतात.

जानेवारी २०१४ मध्ये आयुक्त मार्टिन कॅलिनन संसदेच्या लोकलेखा समितीपुढे ह्या दोघांच्या वागण्याला 'किळसवाणं' म्हणाले. टीव्हीवर पाहिलंय मी नंतर. तेरा हजारांच्या दलात फक्त दोघे बोलतात, असा एकूण सूर. दोन महिन्यांत त्यांना जावं लागलं, मे महिन्यात न्यायमंत्रीही गेले.

पण मला सांगायचंय ते पुढचं. एका चौकशी आयोगापुढे असं मांडलं गेलं की मॅककेबने २००८ मधल्या एका बैठकीत आपण रागापोटी हे करतोय असं कबूल केलं होतं. त्याने त्या बैठकीचं रेकॉर्डिंग काढून ठेवलं. तसं काही तो बोललाच नव्हता. ब्रुकलिनमध्ये टेप, इथेही टेप. टेप नसती तर?

शिवाय बालसंरक्षण यंत्रणेच्या फायलीत भलत्याच प्रकरणातला एक भयंकर आरोप त्याच्या नावावर चिकटला. ती कारकुनी चूक होती, कट नव्हता, असं ह्या प्रकरणासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने नंतर ठरवलं. पण त्याच न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये हेही म्हटलं की आयुक्त कॅलिनन आणि त्यांचा प्रसिद्धी अधिकारी मिळून पत्रकारांकडे, राजकारण्यांकडे ह्याची बदनामी करत होते. मॅककेब त्याच महिन्यात निवृत्त झाला.

तिखटमीठ यांच्यासाठी : आयोगाने मॅककेबचं सगळंच खरं मानलं नाही. काही तक्रारी वाढवून सांगितलेल्या, काही निराधार, असंही लिहिलंय. तरी हेतू प्रामाणिक, असं त्यातच आहे. दोन्ही एका अहवालात मावतात.

बोरकूट

जमादाराचा_मुलगा, वडिलांनी अपील केलं होतं का?

जमादाराचा_मुलगा

केलं. डीआयजींकडे. स्वतःच्या अक्षरात, चार पानं. उत्तर एका ओळीत आलं, 'अपील अर्जात नवीन मुद्दा नसल्याने फेटाळण्यात येत आहे.' मॅटला जा म्हणून मामा मागे लागला होता. वडील म्हणाले, दीदीचं लग्न आहे. जी वेतनवाढ रोखली ती पंचेचाळीस रुपयांची होती. औरंगाबादला एकदा जाऊन यायला जास्त लागले असते.

ते पोरगं सुटलं पुढे, डायरीतल्या त्या वेळेवरच. बचावाच्या वकिलाने डायरी मागवली होती. वडिलांना कोर्टात साक्षीला बोलवलं तेव्हा ते इस्त्रीचा गणवेश घालून गेले, टोपीसकट. आल्यावर काही बोलले नाहीत. भाकरी मात्र तीन खाल्ल्या, एरवी दीड.

तिखटमीठ

माझी हारतुऱ्यांची अट मागे.

नवा_सदस्य_४४७

नाव-गाव विचारू नका. खात्यात आहे, चौदा वर्षं झाली.

इथे सगळे कायद्याचं लिहितायत म्हणून सांगतो. पैसे कुणी मागितले तर लाचलुचपतचा १०६४ नंबर आहे, मीही तो लोकांना देतो. पण साहेबाने पैसे न मागता नुसतं 'हे असं लिही' सांगितलं तर त्याला कुठला नंबर? तसं सांगतात पण तोंडी. लेखी कधीच नाही. आणि लिहिणारा हात माझा, सही माझी, बक्कल नंबर माझा. उद्या उघडकीला आलं तर कसुरी कुणाची निघणार?

खारफुटी, तुम्ही त्या ठाणे अंमलदाराविरुद्ध तक्रार टाकायच्या विचारात असाल तर एक करा. आधी ह्या माणसाचं म्हणणं नीट आठवा. 'साहेबांना सांगावं लागतं' म्हणाला ना?

खारफुटी

टाकायच्याच विचारात होतो, खरं सांगायचं तर. पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहून तयार आहे, ललिता कुमारीसकट (कोर्टाची_पायरी, आभार). त्यात अंमलदाराचं नाव आणि बक्कल नंबर आहे. ४४७ यांचं वाचल्यापासून तो अर्ज टेबलावर पडून आहे. पाठवला तर पहिला मेमो त्यालाच मिळणार. नाही पाठवला तर बाबांचा फोन गहाळच राहणार.

जमादाराचा_मुलगा

पाठवा. फक्त नाव आणि बक्कल नंबर काढा. त्या जागी एकच प्रश्न घाला : 'मोबाइल गहाळ झालेबाबत' हा नमुना कुणाच्या आदेशाने, किती प्रती छापला? चोरीचा छापील नमुना ठाण्यात उपलब्ध आहे काय? असल्यास प्रत मिळावी. हेच माहिती अधिकारातही वेगळं टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. आवक शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका, आणि ती जपून ठेवा.

खारफुटी

नाव काढलं. आज दोन्ही अर्ज देऊन आलो, पोच घेतली. आवक-जावक पाहणाऱ्या बाईंनी प्रश्न दोनदा वाचला आणि आतल्या खोलीत जाऊन कुणाला तरी दाखवून आल्या. परत आल्यावर शिक्का मारताना हळूच म्हणाल्या, "साहेब, हा नमुना आम्ही झेरॉक्सच करतो. मूळ प्रत कुठून आली ते कुणालाच माहीत नाही."

बोरकूट

आणि चोरीची फिर्याद?

खारफुटी

सोमवारी बाबांना घेऊन जातोय. ड्युटीवर तोच अंमलदार असेल असं कळलंय. बाबा म्हणतात, त्याच्यासाठी मेथीची जुडी घेऊन जाऊ. मी नको म्हटलंय, लाच होईल.